पोस्टमनचे दप्तर

ग्वाल्हेरहून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांचे चिरंजीव अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात शिकतात. त्यांनी व त्यांच्या दोघा मित्रांनी मिळून एक प्रकल्प हाती घेतला होता : गावातील एका जुन्या मराठी वाचनालयाची सभासदनोंद, पुस्तकांची देवघेव आणि वर्गणी हे सारे मोबाइलवर आणण्याचा. काम नेटाने चालले होते. मध्येच तिघांपैकी एकाला हैदराबादेस नोकरी लागली आणि तो गेला. तो गेल्यावर ध्यानात आले की, आठ महिने ज्या चाचण्या तिघांनी मिळून रचल्या, त्या सर्व त्याच्या एकट्याच्या खात्यात आहेत. काम हरवलेले नाही, पण ते मागे राहिलेल्यांना दिसत नाही. मातोश्रींचा प्रश्न असा की, तिघांनी केलेले काम एकाच्याच नावावर कसे राहते, आणि यात कोणी कोणास फसविले असे समजावे काय?

फसविले कोणी नाही, हे आधीच सांगून टाकतो. एकत्र कुटुंबातले सर्वांचे दागिने थोरल्या काकूंच्या लॉकरमध्ये असावेत आणि काकूंना अचानक मुलाकडे परगावी जावे लागावे, तशातला हा प्रकार आहे. काकूंची नियत चोख असते. परंतु लग्नाचा मुहूर्त उद्यावर आला असता नियत उपयोगी पडत नाही, किल्ली लागते. आजकाल आपल्या इंदूर-बडोद्याच्या, बेळगाव-हैदराबादच्या कितीतरी घरांतली मुलेमुली हेच काम करून पोट भरतात. दाराआडून त्यांची इंग्रजी वाक्ये आपल्या कानांवर पडतात आणि त्यांत 'एपीआय', 'पोस्टमन', 'वर्कस्पेस' हे शब्द वारंवार येतात. तेव्हा या महिन्याचे सदर त्या शब्दांसाठी खर्च करावे, असे ठरविले.

एपीआय म्हणजे काय, हे समजण्यास बँकेची खिडकी पुरेशी आहे. आपण बँकेच्या आत शिरून खातेवह्या चाळत नाही. ठरलेल्या नमुन्याची चिठ्ठी भरून खिडकीतून देतो. आतला कारकून वही पाहतो आणि उत्तर बाहेर देतो. चिठ्ठी अपुरी असेल तर परत करतो. एका संगणकीय कार्यक्रमाने दुसऱ्यास काम सांगण्याची अशी जी खिडकी, ती एपीआय. मोबाइलवर एखाद्या कादंबरीचे नाव घातले की ती कपाटात आहे की कोणी नेली आहे हे दिसते, तेव्हा पडद्यामागे अशीच एक चिठ्ठी जाऊन आलेली असते. उत्तरासोबत तीन अंकी संकेतही येतो. २०० म्हणजे काम झाले; ४०१ म्हणजे तुमची ओळख पटली नाही; ४०४ म्हणजे मागितलेली वस्तू येथे नाही; ५०० म्हणजे आतच काही बिघडले आहे.

खिडकी लोकांसाठी उघडण्यापूर्वी ती तपासावी लागते. बरोबर चिठ्ठी दिली असता बरोबर उत्तर येते, एवढे पाहून भागत नाही. सभासद क्रमांकाच्या जागी कोणी अक्षरे लिहिली तर काय होते? वर्गणी थकलेल्याने पुस्तक मागितले तर? आणि ज्याचा काही संबंध नाही अशा माणसाने दुसऱ्याच्या नावाने चिठ्ठी सरकविली, तर कारकून शांतपणे नकार देतो की सारी वही त्याच्यापुढे पसरतो? अशा शेकडो चिठ्ठ्या भरून ठेवणे, हव्या तेव्हा पाठविणे आणि आलेली उत्तरे तपासणे यासाठी जी साधने आहेत, त्यांतले फार प्रसिद्ध असे 'पोस्टमन'. अभिनव अस्थाना यांनी २०१२ साली क्रोम ब्राउझरला जोडावयाचे एक लहानसे साधन म्हणून ते तयार केले आणि २०१४ मध्ये अंकित सोबती व अभिजित काणे यांच्यासह त्याची कंपनी उभी केली. बंगळुरात रुजलेले हे रोप आज जगभर पसरले आहे. नाव मात्र त्यांनी फार समर्पक निवडले, असे मला वाटते. चिठ्ठी नेणे आणि पोचपावती आणणे, एवढेच तर त्याचे काम.

आता मांडणीकडे वळू. पोस्टमनमध्ये कामाची जी जागा असते तिला 'वर्कस्पेस' म्हणतात. तिच्यात 'कलेक्शन' नावाचे गट असतात, गटांत फोल्डर असतात आणि फोल्डरांत एकेक विनंती, म्हणजे आपली चिठ्ठी. पेशवाईतल्या कागदपत्रांच्या व्यवस्थेची ज्यांना माहिती आहे, त्यांना यात नवे काहीच वाटणार नाही. दप्तरात रुमाल, रुमालात पुडकी आणि पुडक्यांत कागद, ही रीत आपल्या फडांवर पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. वर्कस्पेस हे दप्तर, कलेक्शन हा रुमाल आणि फोल्डर हे पुडके, असे मनाशी धरावे. पुढचे सारे सोपे जाते.

दप्तर उघडताना पहिला प्रश्न 'त्यात काय ठेवावयाचे' हा नसून 'ते कोणाला दिसावयाचे' हा असतो. साधन स्वतःच तो विचारते, पण घाईत आपण काहीतरी टिचकावून पुढे जातो. मुख्य प्रकार तीन. पहिले केवळ आपल्यापुरते. दुसरे संघातील सर्वांसाठी. आणि तिसरे सार्वजनिक, जे जगातल्या कोणालाही पाहता येते. बाहेरच्या भागीदारांसाठी आणखी एक प्रकार मोठ्या कंपन्या वापरतात, त्याचा येथे विचार नको. ग्वाल्हेरच्या त्या मुलांचे जे झाले, ते पहिल्या प्रकारामुळे. मित्राने आरंभी एकट्याने चार चाचण्या स्वतःपुरत्या वर्कस्पेसमध्ये लिहिल्या असतील. चाराच्या चाळीस झाल्या, इतर दोघे त्याच्या शेजारी बसून सांगत राहिले, आणि दप्तर कोणाच्या घरी आहे याचा विचार करण्याची वेळ आलीच नाही. संघाच्या वर्कस्पेसमध्ये ठेवलेले काम एखादा सदस्य निघून गेला तरी संघाकडे राहते. म्हणून दोघांनी मिळून काम करावयाचे ठरताच, पहिली चिठ्ठी लिहिण्यापूर्वी, सामाईक वर्कस्पेस उघडावी.

त्यांच्यासाठी उपायही अवघड नाही. हैदराबादच्या मित्राने आपल्या खात्यातून प्रत्येक कलेक्शन 'एक्सपोर्ट' करून धाडावे. त्याची एक जेसॉन फाइल होते. ती येथील दोघांनी नव्या सामाईक वर्कस्पेसमध्ये 'इम्पोर्ट' करावी. दहा मिनिटांचे काम आहे. फक्त धाडण्यापूर्वी त्याने त्या फाइलीत कोठे परवलीचा शब्द किंवा किल्ली लिहून राहिली नाही ना, हे पाहावे. हे का म्हणतो, ते पुढे येईलच.

वर्कस्पेस किती असाव्यात, याविषयी मतभेद आहेत. माझे मत असे की, एका प्रकल्पाला एक. माणसागणिक वेगळी वर्कस्पेस ही तर एकाच स्वयंपाकघरात पाच चुली मांडण्यासारखी गोष्ट झाली. प्रत्येकीत 'नवा सभासद' नावाची एकेक चिठ्ठी असते, पाचही थोड्याथोड्या निराळ्या असतात, आणि त्यांतली खरी कोणती हे विचारावयास कोणी उरत नाही. उलट, कंपनीचे सर्व प्रकल्प एकाच वर्कस्पेसमध्ये कोंबले की डाळीच्या डब्यात मोहरी सांडल्यासारखे होते.

आत रुमाल बांधताना खिडकीप्रमाणे बांधावेत. वाचनालयाचेच उदाहरण पुढे चालवू. 'सभासद', 'ग्रंथ', 'देवघेव' व 'वर्गणी' असे चार रुमाल पुरेत. 'सभासद' रुमालात नवी नोंद, माहिती पाहणे, पत्ता बदलणे व नाव कमी करणे ही पुडकी. प्रत्येक पुडक्यात आधी सरळ चालणारी चिठ्ठी आणि तिच्यामागे मुद्दाम चुकविलेल्या चिठ्ठ्या : क्रमांक नसलेली, एकच सभासद दोनदा नोंदविणारी, ओळख न देता आलेली. नाव असे असावे की ते वाचताच आत काय आहे आणि काय उत्तर यावयास हवे हे कळावे. 'चाचणी १', 'चाचणी २ नवी', 'चाचणी २ शेवटची', 'खरी शेवटची' अशी नावे ज्या दप्तरात दिसतात, त्याच्या मालकाला सहा महिन्यांनी स्वतःचेच अक्षर लागत नाही. त्याऐवजी 'नवी नोंद, क्रमांकाविना, ४०० अपेक्षित' असे लिहिले की काम झाले. ही नावे देवनागरीतही लिहिता येतात. आपली मुले विचार न करता इंग्रजीकडेच धावतात, हे मला थोडे खटकते. पण संघात एखादी तेलुगू किंवा कानडी भाषक सहकारी असेल, तर तिला वाचता येईल अशाच लिपीत लिहावे. दप्तर वाचणाऱ्यांसाठी असते.

बडोद्याच्या वाचकांना येथे बोर्डनसाहेबांची आठवण होईल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना पाचारण केले, त्यांनी संस्थानासाठी ग्रंथांच्या वर्गीकरणाची पद्धत बसविली आणि माणसांनाही त्या कामात तयार केले. ग्रंथ त्याआधीही होते. परंतु ग्रंथ असणे आणि हवा तो ग्रंथ अनोळखी वाचकास सापडणे, यांत जे अंतर आहे, ते तोडण्यासाठी महाराजांनी सातासमुद्रापलीकडून माणूस आणविला.

पुष्कळ मुले प्रत्येक चिठ्ठीवर ओळखीचा शिक्का स्वतंत्र मारतात. तसे करू नये. ओळख पटविण्याची रीत एकदाच कलेक्शनवर लावावी आणि आतल्या विनंत्यांना ती 'वरून घ्या' असे सांगावे. रीत बदलली तर एकाच जागी बदलावी लागते. आणि जी चिठ्ठी मुद्दाम ओळखीविना पाठवावयाची, तिच्यापुरती ती काढून टाकावी. चिठ्ठ्यांचा क्रमही महत्त्वाचा, कारण पोस्टमन सारा रुमाल ओळीने चालवू शकतो : आधी प्रवेश घ्यावयाचा, मिळालेले टोकन जपून ठेवावयाचे, मग सभासद नोंदवावयाचा, त्याला पुस्तक द्यावयाचे, परत घ्यावयाचे आणि शेवटी तो चाचणीचा सभासद पुसून टाकावयाचा. शेवटची पायरी विसरली, तर वाचनालयात न वाचणारे शेकडो सभासद जमतात.

आता 'एन्व्हायरनमेंट'. या एका शब्दावर मी सर्वांत अधिक भर देणार आहे, कारण खरे नुकसान होते ते येथे. कोणताही प्रकल्प एकाच वेळी निदान तीन ठिकाणी राहतो. एक प्रत विद्यार्थ्याच्या स्वतःच्या संगणकावर, दुसरी चाचणीच्या सर्व्हरवर आणि तिसरी प्रत्यक्ष वापरात, जेथे खरे सभासद आणि खरे पैसे असतात. तिन्ही खिडक्या सारख्याच दिसतात, पत्ता तेवढा निराळा. म्हणून चिठ्ठीवर पत्ता थेट लिहीत नाहीत. पत्त्याच्या जागी दुहेरी महिरपी कंसांत एक नाव लिहितात, त्याला चल म्हणावे. आणि त्या नावाचा अर्थ काय, हे एन्व्हायरनमेंटमध्ये ठरवितात. वरच्या उजव्या कोपऱ्यात 'चाचणी' निवडली की त्याच चिठ्ठ्या चाचणीच्या खिडकीवर जातात, 'प्रत्यक्ष' निवडली की खऱ्या खिडकीवर. सोय अशी की, तीन ठिकाणांसाठी चिठ्ठ्यांच्या तीन प्रती कराव्या लागत नाहीत.

आणि धोकाही हाच. समजा, मुलाने दुपारी एका सभासदाची तक्रार पाहण्यासाठी 'प्रत्यक्ष' निवडले, पाहिले आणि जेवावयास उठला. परत येऊन त्याने सवयीप्रमाणे सारा 'सभासद' रुमाल चालविला. त्यात नाव पुसण्याची चिठ्ठी होती, आणि तिच्यात क्रमांक होता १. चाचणीच्या सर्व्हरवर १ हा कोणी कल्पित गृहस्थ असतो. खऱ्या वाचनालयात १ क्रमांकाचे सभासद बहुधा संस्थापकच असावयाचे! म्हणून काही पथ्ये. 'प्रत्यक्ष' या एन्व्हायरनमेंटला असे नाव द्यावे की ते डोळ्यांत खुपावे. पुसणाऱ्या चिठ्ठ्या निराळ्या पुडक्यात बांधाव्यात. पुसण्यासाठी क्रमांक चिठ्ठीत लिहून ठेवू नये. त्याच फेरीत आपणच नोंदविलेल्या सभासदाचा क्रमांक चलात घ्यावा आणि तोच पुसावा. शिवाय, विनंती जाण्यापूर्वी चालणारी एक छोटी आज्ञावली कलेक्शनवर बसविता येते. निवडलेल्या एन्व्हायरनमेंटचे नाव 'प्रत्यक्ष' असेल, तर ती पुसण्याची विनंती दारातच अडविते. चार ओळींचे काम आहे, आणि ते पहिल्याच दिवशी करावे.

आता किल्ल्या. वाचनालयाची वर्गणी ऑनलाइन घ्यावयाची तर पेमेंट गेटवेची किल्ली लागते, संदेश पाठवावयाचे तर त्या सेवेची. गेटवे कंपन्या चाचणीसाठी एक आणि खऱ्या पैशांसाठी दुसरी, अशा किल्ल्या वेगवेगळ्या देतात. किल्ली म्हणजे अक्षर-अंकांची एक लांब ओळ. ती ज्याच्या हाती पडेल तो तुमच्या नावाने व्यवहार करू शकतो. ती चिठ्ठीतच लिहून ठेवण्याचा मोह फार होतो. मग एखाद्या दिवशी, कामाचा नमुना कोणाला दाखवावा किंवा नोकरीच्या मुलाखतीत दुवा देता यावा म्हणून, हौसेने वर्कस्पेस सार्वजनिक केली जाते. रुमालासोबत किल्लीही चव्हाट्यावर येते. क्लाउडसेक या सायबरसुरक्षेच्या कंपनीने वर्षभर पाहणी करून डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, पोस्टमनच्या ३०,००० हून अधिक सार्वजनिक वर्कस्पेसमधून किल्ल्या, टोकने व अन्य गोपनीय मजकूर उघड्यावर पडलेला आढळला. यात कुलूप फोडणारा कोणी नव्हता. दार मालकांनीच उघडे ठेवले होते.

पोस्टमनमध्ये चलाच्या किमतीसाठी दोन जागा असतात : एक सर्व सदस्यांना दिसणारी, दुसरी केवळ आपल्या संगणकावर राहणारी. आवृत्तीगणिक या जागांची नावे बदलत आली आहेत, भेद तोच राहिला. सर्वांच्या जागी 'येथे आपली किल्ली घाला' एवढेच लिहावे आणि खरी किल्ली आपल्या जागी ठेवावी. 'व्हॉल्ट' नावाची एक तिजोरीही आहे. तिच्यातले गुपित आपल्या यंत्रावर सांकेतिक रूपात राहते आणि चिठ्ठीत केवळ त्याचे नाव येते. नवोदितांनी सरळ तिचीच सवय लावून घ्यावी, असे मी सुचवीन.

एक गोष्ट मात्र जाणत्यांच्याही नजरेतून सुटते. आलेले उत्तर 'नमुना' म्हणून विनंतीसोबत जतन करण्याची सोय आहे आणि ती उत्तम आहे. नव्या माणसाला उत्तर कसे येते हे लगेच समजते. पण तो नमुना खऱ्या खिडकीवरून घेतला असेल, तर त्यात खऱ्या सभासदांची नावे, पत्ते, दूरध्वनी क्रमांक असतात. किल्ली बदलता येते. आपल्या वाचनालयात येणाऱ्या एकट्या राहणाऱ्या आजींचा पत्ता एकदा बाहेर गेला की परत घेता येत नाही. नमुने नेहमी कल्पित सभासदांवरच घ्यावेत.

आणि किल्ली बाहेर पडली असे कळलेच, तर वर्कस्पेसमधून ती खोडून स्वस्थ बसू नये. तोवर तिची नक्कल कोणी केली असेल, सांगता येत नाही. ज्या सेवेने किल्ली दिली, तिच्याकडे जाऊन ती रद्द करावी आणि नवी घ्यावी. घराची किल्ली बाजारात हरवली असता आपण पिशवी झटकून पाहतो खरे, पण कुलूपही बदलतोच.

संघातील कोणाला काय करता यावे, हेही ठरवून घ्यावे. पाहणारा, बदलणारा आणि कारभारी अशा भूमिका वर्कस्पेसमध्ये देता येतात. तिघांच्या प्रकल्पात निदान दोघे कारभारी असावेत. एकटा कारभारी म्हणजे पुन्हा काकूंचे लॉकर. वर्कस्पेसच्या पहिल्या पानावर टिपण लिहिण्यास जागा असते. तेथे कोणते एन्व्हायरनमेंट कशासाठी, किल्ल्या कोणाकडून मागाव्यात आणि रुमाल कोणत्या क्रमाने चालवावेत, एवढे आठ-दहा ओळींत लिहून ठेवावे. उद्या नवा मुलगा आला, तर त्याने कोणास फोन न करता पहिली चिठ्ठी पाठवून २०० मिळवावे, इतपत ते टिपण असावे.

पत्रात शेवटी एक शंका आहे : हे सारे परक्याच्या सर्व्हरवर ठेवावेच का? शंका रास्त आहे. पोस्टमनमध्ये पूर्वी खाते न उघडता आपल्याच संगणकावर काम साठविण्याची 'स्क्रॅच पॅड' नावाची सोय होती. ती २०२३ मध्ये बंद झाली आणि बरेच लोक तेव्हा नाराज झाले. ज्यांना दप्तर घरीच ठेवावयाचे आहे, त्यांच्यासाठी 'ब्रुनो' नावाचे मुक्त साधन आहे. त्यात प्रत्येक विनंती ही साध्या मजकुराची एक फाइल असते, कलेक्शन म्हणजे आपल्या डिस्कवरचा एक फोल्डर, आणि सामाईक काम करावयाचे तर तो फोल्डर प्रकल्पाच्या बाकीच्या कामासोबत गिटमध्ये ठेवावयाचा. किल्ल्या तेथे वेगळ्या फाइलीत राहतात, आणि ती फाइल गिटने उचलू नये असे त्याला आधीच सांगून ठेवावे लागते. विद्यार्थ्यांच्या लहान प्रकल्पाला मला हा मार्ग अधिक पसंत आहे; संघ मोठा असेल, माणसे वेगवेगळ्या शहरांत असतील आणि सर्वांना गिट येत नसेल, तर पोस्टमनची सामाईक वर्कस्पेस बरी. घरच्या फोल्डरची दुसरी प्रत तेवढी वेगळ्या डिस्कवर, आठवड्यातून एकदा, कोणी काढावयाची हे तिघांनी आजच ठरवून घ्यावे.